लियाकतभाईंच्या वहीतला चौथा रकाना

लियाकत तांबोळींच्या वहीत चार रकाने होते: नाव, गाव, वस्ताद, डाव. बत्तीस वर्षं जत्रांच्या कुस्त्यांचं निवेदन करताना त्यांनी अशा अकरा वह्या भरल्या. त्यांत अडीचेक हजार पैलवान बसवले आणि एकाचाही एकसुद्धा रकाना मोकळा ठेवला नाही. निमगाव केतकीच्या बाजारात पानं विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा विसरायचा, पण मोरगावच्या मैदानात पंचवीस वर्षांपूर्वी कोण कोणत्या डावावर पडला, ते विसरायचा नाही.

"आमच्या चार लेकरांच्या जन्मतारखा इचारा की ह्यांना," त्यांची बायको कमरजहाँ म्हणायची. "तितं कोरी पाटी!"

पण गेली दोन सालं वहीत ओळ पडली नव्हती. जत्रा कमिट्या आता निवेदनाला तरणी पोरं आणत होत्या, मधूनच वाघाच्या डरकाळीचा आवाज सोडणारी. लियाकतभाईंना कुणी "नको" म्हटलं नव्हतं, नुसतं बोलावणं आलं नव्हतं. "म्हाताऱ्याचा आवाज बसला," असं कुणीतरी कुठंतरी बोललेलं मात्र त्यांच्या कानावर आलं होतं. बोलणाऱ्याचं नाव, गाव त्यांनी मनात लिहून ठेवलं होतं.

अशात एका बाजारच्या दिवशी पानाच्या टोपल्यांसमोर एक पोरगी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. बारामतीत बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ निघाला होता, 'बारामती खिल्लार', आणि ही सृष्टी त्याची व्यवस्थापक होती. वय सव्वीस, मुक्काम पुणे.

"काका, दहा हजार माणूस तुम्ही एका आवाजात गप्प बसवता म्हणे?"

"गप बशिवतो आन् उठिवतो पन."

"बास्केटबॉल पाहिलाय कधी?"

"न्हाय. तुमी कुस्ती बघितलीय का?"

सृष्टी हसली आणि तिथंच सौदा ठरला. पहिला सामना परीक्षेचा. जमलं तर हंगामातले घरचे सगळे सामने लियाकतभाईंचे. नाही जमलं तर मुंबईचा डीजे तयारच होता. हिशेब साफ होता. इथंही आवाज पडला तर पुन्हा कुणी माईक देणार नाही, हे लियाकतभाईंनी घरी सांगितलं नाही. कमरजहाँनं आठ दिवस न विचारता रोज ज्येष्ठमधाचा काढा पुढं ठेवला, म्हणजे तिला कळलेलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी ते एमआयडीसीकडच्या नव्या बंदिस्त मैदानात शिरले आणि दारातच थबकले. जमीन लाकडाची होती. छतावरचे दिवे तिच्यात खाली डोकं वर पाय करून लटकत होते. तांबडी माती, तिच्यावर शिंपडलेलं ताक, हळद, एवढीच मैदानाची ओळख असलेल्या माणसानं न सांगता पायताणं काढली.

"काका, बूट चालतात. फक्त बाहेरचे नकोत."

"म्हंजी काढायचंच की!"

सृष्टीनं कागद दिला. खिल्लारच्या प्रत्येक खेळाडूला चार-चार वाक्यं आणि हैदराबादहून आलेल्या संघाला नुसते नंबर, नावं. "पाहुण्यांचं झटपट उरका. प्रेक्षक आपले आहेत."

लियाकतभाईंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. घडी घातली म्हणजे मान्य केलं, असा सृष्टीचा समज झाला. ती पुण्याची होती, तिला काय ठाऊक! आखाड्यात पाहुण्या पैलवानाची ओळख घरच्यापेक्षा काकणभर मोठीच व्हायची. पाहुण्याला हलका केला तर त्याला पाडून मोठेपणा कसला मिळणार? भाई वही घेऊन सरळ पाहुण्यांच्या बाकाकडं गेले.

अकरा जणांची नोंद झाली. शेवटचा गडी दोरीवर उड्या मारत होता. तो थांबला, जवळ आला आणि येतच राहिला. लियाकतभाईंची नजर छातीवरून गळ्याला, गळ्यावरून हनुवटीला जाईपर्यंत मान मागं पडली. सहा फूट आठ इंच. जगरूप सिंग.

"गाव कौनसा, बेटा?" लियाकतभाईंनी आपली बाजारी हिंदी काढली.

गाव लुधियान्याकडचं, कोटला खुर्द. वस्ताद कोण? पोरगा गोंधळला. कोच का? "वो न्हाय. पयला. जिन्ने पयला हात पकड्या." मग पोरगा उजळला. शाळेतले बलकार मास्तर. त्यांनी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव शिसवीच्या झाडाला ठोकून त्याला पहिला चेंडू टाकायला लावला होता. आणि वडील? वडील नछत्तर सिंग. हार्वेस्टर चालवतात. दर मार्चला गव्हाच्या काढणीला महाराष्ट्रात येतात.

"महाराष्ट्र में किधर?"

"यहीं. बारामती, इंदापूर."

लियाकतभाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी ती ओळ लिहून खाली दोनदा रेघ मारली.

संध्याकाळी पाच वाजता तीन हजार माणूस आत होतं. कारखान्याचे सभासद, कॉलेजची पोरं, दुकानांची शटरं लवकर ओढून आलेले बागवान आणि फुकट पास मिळालेले सगळेच. लियाकतभाईंनी माईक हातात घेतला. खिल्लारच्या पोरांना त्यांनी असा उठाव दिला की पुढच्या खुर्चीतल्या संघमालकांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. सृष्टीनं लांबून अंगठा दाखवला. तिथवर सगळं तिच्या कागदाप्रमाणं होतं.

मग पाहुणे. पहिल्याला अर्धं मिनिट. दुसऱ्याला पाऊण. सृष्टी हातानं 'आवरा, आवरा' करत होती, भाईंना वाटलं शाबासकी. बारावा जगरूप.

"मंडळी, मार्च म्हैन्यात आपल्या शिवारात हार्वेस्टर येतंय का न्हाय?"

"येतंयऽऽ!"

"त्येच्यावर पगडी बांधून सरदारजी बसलेला असतुया. तुमच्या बांधावर त्यानं भाकरी खाल्लीय, तुमचा गहू त्यानं काढलाय. त्या नछत्तर सिंगाचा ह्यो पोरगा! कोटला खुर्दचा, बलकार मास्तरांचा पठ्ठ्या, जगरूप सिंग!"

मैदान दणाणलं. पाहुण्याला एवढ्या टाळ्या! वरच्या पायऱ्यांवरून कोऱ्हाळ्याचे जोतीराम तात्या उठले. सत्तरीचा जुना पैलवान, कान मुडपलेले. त्यांनी पायऱ्या उतरून चपला काढल्या, आणि थेट लाकडी मैदानाच्या मधून, देवळात निघाल्यासारखे, पाचशे एक रुपये इनाम हातात धरून जगरूपकडं चालू लागले. त्यांच्यामागं आणखी चौघं. पंचांनी शिट्टी फुंकली. तात्यांना ती हलगीच्या जागची वाटली, ते आणखी ताठ चालले.

"तात्या, माघारी फिरा! मैदानात यायचं नसतं!" कडेचा एक स्वयंसेवक ओरडला.

"मंग इनाम काय पोस्टानं धाडू?"

सामना अकरा मिनिटं उशिरा सुरू झाला. संघमालकांचा चेहरा वाचायला सृष्टीला चष्मा लागत नव्हता. ती आली, तिनं लियाकतभाईंच्या हातातून माईक घेतला आणि गाणी लावणाऱ्याच्या टेबलावर ठेवला.

लियाकतभाई निवेदकाच्या टेबलामागं खुर्चीत बसले. रागावले नाहीत. सौदा साफ होता आणि तो मोडला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर खेळ चालू होता आणि त्यांना काही बोलायचं नव्हतं.

मग त्यांना दिसायला लागलं. चेंडूचा दणका लाकडातून खुर्चीत, खुर्चीतून बरगडीत येत होता. बूट चरचरत होते. दहा माणसं एकाच वेळी वळत होती आणि एकमेकांना आपटत नव्हती. एवढाली धिप्पाड माणसं आणि चाल मांजराची! चेंडू एकानं न बघता मागं टाकला, आणि जिथं कुणी नव्हतं तिथं पोचेपर्यंत कुणीतरी होतं. लियाकतभाईंच्या मांडीवरची वही कधी मिटली ते त्यांना कळलं नाही.

तिसऱ्या सत्रात चेंडू जगरूपकडं आला. दोन पावलं त्यानं टाकली. तिसरं लियाकतभाईंना दिसलंच नाही, कारण ते खाली पडलंच नाही. खिल्लारचे दोन गडी आडवे आले, तेही साडेसहा फुटांचे. तो त्यांच्यावरून गेला. जिथं उडी संपते आणि माणूस उतरायला लागतो, तिथं पोचून तो अजून वर चालला होता. जाळीची लोखंडी कडी त्याच्या मनगटाला आली. त्यानं चेंडू वरून खाली असा घातला, जसा कुणी हंड्यात हात घालतो, आणि अख्खा खांब थरथरला.

सगळी कुस्ती म्हणजे काय, तर कोण कुणाची पाठ मातीला लावतो. लियाकतभाईंनी जन्मभर तेच मोजलं होतं. माणूस मातीला न विचारता असा निघून जाऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गुण पाहुण्यांचा होता. तीन हजार माणूस गप्प होतं. त्या शांततेत एक आवाज उठला.

"नछत्तर सिंगाचाऽऽ जगरूप! कोटला खुर्दचा! बलकार मास्तरांचाऽऽ पठ्ठ्या!"

तो आवाज छताला लागून परत आला. आधी तात्या उठले, मग वरच्या पायऱ्या, मग सगळं मैदानच, उसाला वारा लागावा तसं. आपल्यावर गुण झालाय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. संघमालकसुद्धा उभे होते. परत पळताना जगरूपनं टेबलाकडं बघून छातीवर हात ठेवला.

खिल्लार नऊ गुणांनी हरले. तरी बाहेर पडणारी माणसं जिंकल्यासारखी बोलत होती.

सृष्टी टेबलाशी आली. काय बोलायचं ते तिनं ठरवून आणलं असावं, पण निघालं वेगळंच. "काका, तुमच्या हातात माईक नव्हता."

लियाकतभाईंनी खाली पाहिलं. उजवी मूठ अजून हनुवटीशी तशीच वळलेली होती. मुठीत काही नव्हतं.

"आवाज बसलाय म्हनत हुते," ते पुटपुटले.

"कोण म्हणत होतं?"

"हाय एक. नाव-गाव लिवून ठिवलंय." आवाजात हसू आलं.

"मालक म्हणतात, पुढच्या सामन्याला पाहुण्यांची यादी तुम्हाला आदल्या दिवशी द्या. एका खेळाडूला वीस सेकंद. वस्ताद चालेल, बाप चालेल. बाकी गोतावळा नाही. आणि इनाम मैदानाबाहेर."

"तीस."

"पंचवीस. आणि मी घड्याळ लावणार."

"लावा." लियाकतभाईंनी वही उघडली. "ते डोक्यावरनं जाऊन वरनं घातलं त्यानं, त्या डावाला तुमच्यात काय म्हनत्यात?"

"डंक."

"एवढंच?"

"एवढंच."

लियाकतभाईंनी पेनाचं टोपण काढलं. जगरूप सिंग, कोटला खुर्द, बलकार मास्तर, हे सकाळीच लिहिलेलं होतं. पेन चौथ्या रकान्यावर आलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी मान वर करून त्या कडीकडं पाहिलं. कामगार दिवे मालवत होते, जाळी अजून किंचित हलत होती. थोड्या वेळानं त्यांनी टोपण परत लावलं आणि रकाना तसाच ठेवून वही मिटली.