पुढचं चाक

उसाच्या ट्रॉल्या बंद झाल्या आणि सुरेखाताईंनी माळ्यावरची सायकल खाली काढली.

कोल्हापुरात सायकल चालवायचे खरे दिवस तेच. कारखान्यांची धुराडी थंडावली, फाल्गुन लागला, की पन्हाळ्याचा रस्ता सकाळच्या वेळी मोकळा मिळतो आणि ऊनही अजून चावत नाही. पन्नाशी उलटल्यावर सुरेखाताईंनी सायकल घेतली होती. शुक्रवार पेठेतल्या घरातून निघायचं, शिवाजी पूल ओलांडायचा आणि दम पुरेल तिथवर जायचं. गेल्या वर्षी वडणगे फाट्याजवळ एका ट्रॉलीतून लोंबणारा ऊस हँडलला अडकला आणि त्या डांबरावर आपटल्या. खांदा मोडला. कुणीतरी फोन केल्यावर मुलगा पारस त्यांना उचलायला धावला होता. तेव्हापासून घरात सायकलचं नाव निघालं, की तो ताटावरून उठायचा.

सायकल खाली आली तेव्हा कळलं, की तिला पुढचं चाकच नव्हतं. सून आदितीनं खाली मान घालून सांगितलं, की दिवाळीच्या साफसफाईत पारसनंच ते काढून नेलं.

सुरेखाताईंनी भांडण काढलं नाही. आधी बाकीचं काम उरकलं. परसात पोतं अंथरलं, चेन रॉकेलमध्ये भिजवली, ब्रशनं घासून काढली. ब्रेकचे रबर झिजून पत्र्यासारखे कडक झाले होते, ते बदलले. गंजलेल्या वायरी ओढून काढताना खांद्यात कळ आली, तेवढी त्यांनी दात आवळून गिळली. नेमगोंडा, त्यांचे यजमान, दारात उभे राहून बघत होते. या वयात माणसं हातात जपमाळ घेतात, असं ते म्हणाले.

"तुमी घ्या की जपमाळ," सुरेखाताई मान वर न करता म्हणाल्या. "मी ऑइल घेतो."

संध्याकाळी त्यांनी पारसकडं चाक मागितलं. भंगारात घातलं, असं त्यानं सांगून टाकलं. पण पारसचं लक्ष्मीपुरीत हार्डवेअरचं दुकान. वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून ठेवणारा माणूस अख्खं चाक भंगारात घालेल, यावर त्याची आई विश्वास ठेवणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुरेखाताई सायकल घेऊन बाहेर पडल्या. पुढची बाजू हातानं उचलून धरली आणि मागच्या चाकावर ढकलत भर बाजारातून निघाल्या. लोक थांबून बघू लागले. एका रिक्षावाल्यानं विचारलं, मावशी, चाक कुठं इसरलासा? पोराकडं हाय, आणायला चाललोय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. पारस काउंटरमागून लगबगीनं पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, की तू घरी जा, आपण रात्री बोलू. सुरेखाताईंनी सायकल काउंटरला टेकवली आणि रंगाच्या डब्यांशेजारच्या स्टुलावर बसल्या. चाक मिळाल्याशिवाय उठणार नाही, म्हणाल्या. गिऱ्हाइकं गेली, नवी आली. त्या बसूनच राहिल्या.

शेवटी पारसचा आवाज फुटला. "रस्त्यावर पडलीस तवा तुला मी बघितलंय, आई. तू न्हाईस बघितलं."

त्याचे डोळे भरले होते आणि ते सुरेखाताईंना दिसत होतं. पण त्या उठल्या नाहीत.

"पडलेलं बघितलंस," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी दोन वर्सं चालवत हुतो, ते कवा बघाय आलास? भ्या तुझं हाय पारस. चाक माजं हाय."

पारसनं हातातली मोजमापाची टेप काउंटरवर ठेवली. मग गोदामात गेला आणि चाक घेऊन आला. ते अपघातात वाकलेलं होतं. बोटानं फिरवून त्यानं दाखवलं. रिम डावी-उजवीकडं डुलत होती. हे आता चालायचं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सुरेखाताईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या गुंडूच्या सायकल दुकानात नेलं. गुंडूनं एकेक तार आवळत, सैल करत रिमचा आऊट काढला, तिचं डुलणं थांबवलं. दोन तारा मात्र नव्या घालाव्या लागल्या.

रविवारी उजाडताच त्या निघाल्या. पुलावर गार वारा होता. वडणगे फाटा दिसला तसे हात आपोआप ब्रेकवर गेले. तेवढ्यात मागून इंजिनाचा आवाज आला. उतरावं असं वाटलं. त्या उतरल्या नाहीत. हँडल घट्ट धरून पांढऱ्या पट्टीच्या कडेनं चालवत राहिल्या.

आवाज मागेच राहिला. फाटा पार झाल्यावर त्यांनी वळून पाहिलं. पारस होता, स्कूटरवर, सायकलच्या वेगानं रेंगाळत येणारा.

त्यांनी एक पाय टेकवला. तो जवळ येऊन थांबला आणि हेल्मेटचा पट्टा ओढत बसला.

"माज्या मागनं यायचं न्हाई," सुरेखाताई म्हणाल्या. "यायचं आसंल तर सायकल घिऊन ये. न्हाईतर घरला जा, आदिती नाष्ट्याला खोळंबली आसंल."

पारसनं रस्त्याकडं पाहिलं, आईच्या खांद्याकडं पाहिलं. मग स्कूटर वळवली.

ती दिसेनाशी होईपर्यंत सुरेखाताई थांबल्या. पुढं केर्लीचा चढ होता. त्यांनी गियर हलका केला आणि पायडलवर उभ्या राहिल्या.