एखादीची सही

"मेलेल्या माणसाची सही मी आता कुठनं आनू?" सिंधूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

विजेचं मीटर त्यांच्या मालकांच्या नावावर. मालकांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी बिल दर महिन्याला त्यांनाच येतं. आणि छतावरच्या सोलरचं अनुदान हवं, तर मीटर ज्याच्या नावावर त्याचीच सही.

आमच्याकडे महिला ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन दारात यायचा, आम्ही पिठाच्या हातानं सही करायचो, झाली सभा. सोलरमुळे यंदा बाया खरोखर देवळाच्या मंडपात येऊन बसल्या. बसल्या, आणि विचारायची चटक लागली. आभाळ आलं तर? वर वानरं नाचली तर? भाडेकरूला मिळतं का? ग्रामसेविका बिचारी पाणी पीत पीत उत्तरं देत होती.

माझ्या दुसऱ्या बाजूला सिंधूबाईंची सून शितल, पदर तोंडाशी धरून. सकाळी झेंडू तोडताना ती सरीतच ओकली आणि मग मला सगळं सांगून बसली. पदरात दोन मुली, धाकटी दीड वर्षाची. कोरेगाव भीमाला पॅकिंगचं काम आत्ता कुठं लागलेलं. त्यात पुन्हा दिवस गेलेत, दोन महिने झाले. दवाखान्यानं 'नवऱ्याची सही आणा' म्हणून परत पाठवलं. आणि तिचा नवरा गोकुळ म्हणतो, राहू दे, कुणी सांगावं, पोरगा असंल.

"आत्याबाईंना कळू देऊ नका, काकू," एवढंच शेवटी म्हणाली.

उपकेंद्राच्या एलिझाबेथ सिस्टर कोपऱ्यात रक्तवाढीच्या गोळ्या वाटत होत्या. सोलरचं संपत आलं तसा मी धीर केला.

"सिस्टर, समजा एखादीला दिवस गेल्यात, आन् ठेवायचं न्हाई. नवऱ्याची सही लागती का?"

 वानरांचं विचारणारी गिताबाई बसल्या बसल्या पुढे सरकली.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर तपासतात. पण अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तिची."

"दवाखानंवालं तर मागत्यात."

"मागतात. भितात ते. कायदा मागत नाही."

"अगं बया! म्हंजी मीटरला मालक लागतो, आन् हितं न्हाई?" गिताबाई म्हणाली, तशा सगळ्या हसल्या.

मग एखादी जी निघाली ती थांबेना. एखादीला उशिरा कळलं तर? एखादीचा नवरा मागनं भांडायला आला तर? एखादी एकटीच गेली तर घेतात का? प्रत्येकीच्या ओळखीची एकेक एखादी होती, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात सिंधूबाईंनी घसा खाकरला.

"आन् समजा, एखादीची सासू म्हणली, ती रोज सकाळी मोरीत ओकती ते मला दिसतंय, पोरीस्नी मी सांभाळीन, जाऊ द्या तिला. तर सासूची सही चालंल का?"

"सासूचीपण लागत नाही, मावशी."

"न्हाई लागत?" सिंधूबाई जराशा हिरमुसल्या. "बरं. मी आपलं विचारलं."

शितलनं तोंडावरचा पदर काढला. माझ्या गुडघ्यावर हात रेटून उभी राहिली.

"सिस्टर, एखादी न्हाई. मी हाय. मला हे मूल नको हाय."