नावाला आठ, हाताला चार

जावई घरात शिरला तेव्हा सासरे टेबलाशी बसलेलेच होते. समोर तो जुना लॅपटॉप, बाजूला टॉर्च आणि भिंग, म्हणजे पंचनाम्याची सगळी तयारी. "या जावईबापू," ते म्हणाले. बसा मात्र म्हणाले नाहीत, तेव्हा तो न सांगताच खुर्ची ओढून बसला. आज कुणाची मर्जी राखायला तो आलेलाच नव्हता.

तो आला होता बायकोला घरी न्यायला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती माहेरी आली, ते ठीकच होतं. थोडे दिवस राहणार होती. मग सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, नंतर काठी सोडूनही चालायला लागल्या, पण बाईसाहेबांचा पाय काही माहेरातून निघेना. फोन केला की "बघू", "बाबा चिडलेत", "इकडचं आधी मिटू दे". मिटायचं काय होतं, तर म्हणे जावयाने सासऱ्यांच्या लॅपटॉपमधली मेमरी चोरली. हसावं की रडावं कळू नये असला आरोप. पण त्या घरात कुणी हसत नव्हतं, आणि तिने तर एकदाही म्हटलं नव्हतं की बाबा, हे काहीतरीच बोलताय.

त्याचं झालं असं की हा लॅपटॉप तापायचा आणि पंखा ओरडायचा. जावयाचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे बारीक ब्रश, बारीक पेचकस सगळं हाताशी. त्याने आपणहून यंत्र घरी नेलं, उघडलं, आतला धुळीचा गोळा काढला, पंखा पुसला आणि परत आणून दिलं. उपकार म्हणून नव्हे, घरचं काम म्हणून. सासऱ्यांच्या तोंडातली कवळीही त्यानेच बनवलेली. त्याच दातांनी हा माणूस आता सगळ्या नात्यागोत्यात त्याला चोर म्हणत सुटला होता, आणि एवढं बोलूनही एक दात जागचा हलत नव्हता, इतकी ती चांगली बसली होती.

सासऱ्यांची उभी हयात वीजमीटर तपासण्यात गेली. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, सील तुटलंय का बघायचं, कुणी परस्पर तार जोडलीय का ते शोधायचं. रीडिंग पडलं म्हणजे चोरी झाली, हे त्यांचं एकमेव शास्त्र. नोकरीतून निवृत्त झाले, पण तो संशय काही निवृत्त झाला नाही. लॅपटॉप हळू चालायला लागला तसं त्यांनी आतलं माहितीचं पान उघडलं. तिथे लिहिलेलं होतं, बसवलेली मेमरी आठ जीबी, पैकी वापरता येण्याजोगी चार. झालं. तेवढ्यावरून त्यांनी स्वर्ग गाठला. जावयाने मेमरीची खरी पट्टी काढून घेतली आणि तिच्या जागी दिखाऊ पट्टी घातली.

"नावाला आठ, हाताला चार," सासरे पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. "हे मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

"उघडून बघू या ना मग."

"बघा की. माझ्यासमोर बघा."

सासूबाई दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "भांडू नका" म्हटलं, तेही भिंतीकडे बघून. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती ना इकडे आली, ना तिकडे गेली.

जावयाने बॅटरी काढली, लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढून मागचं झाकण उचललं. सासऱ्यांनी टॉर्च अशी धरली की उजेड पट्ट्यांवर कमी आणि त्याच्या हातांवर जास्त. बोटं काही लपवतात का, ते बघत होते. आत दोन खाचा, दोन्हीत एकेक हिरवी पट्टी, दोन्हींवर चार जीबीचं लेबल.

"चार आणि चार, आठ," तो म्हणाला.

"लेबल काय, कुणीही चिकटवतं. मी आयुष्यभर खोटी सीलं बघितलीत."

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याने ओठ दाबून धरले. पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, कण फुंकले, पुन्हा खट्कन बसवल्या. कधीकधी कड काळवंडते आणि यंत्राला पट्टी नीट सापडत नाही. लॅपटॉप सुरू केला. तो इतका म्हातारा की चालू होईपर्यंत माणसाने तीर्थयात्रा करून यावं. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी त्याला एका गिरणीवाल्याची गोष्ट ऐकवली. तो म्हणे दिसायला फार सज्जन होता, बोलायला गोड होता, आणि मीटरमागून तार ओढायचा. "तोही म्हणायचा, उघडून बघा," सासरे म्हणाले.

पान उघडलं. आठ, पैकी चार.

"बघा," सासरे म्हणाले, आणि भिंग टेबलावर आपटलं.

मग त्याने एकच पट्टी ठेवून बघितली. यंत्राने चार दाखवली, चारही वापरात. ती काढून दुसरी घातली. तरीही चार, चारही वापरात. म्हणजे दोन्ही पट्ट्या धडधाकट, दिखाऊ एकही नाही. खाचा बदलून बघितलं, तरी तेच. दोन्ही एकत्र घातल्या की मात्र आठ म्हणायचं आणि चारवरच अडायचं.

"आता तरी पटलं?" त्याने विचारलं. "दोन्ही पट्ट्या खऱ्या आहेत. मी चोरलं काय मग, हवा?"

"खऱ्या आहेत तर बेरीज का होत नाही?"

"तेच शोधतोय."

"शोधताय की जुळवताय?"

त्याने पेचकस खाली ठेवला. आणखी एक शब्द बोलला असता तर तो मागे घेता आला नसता. तेवढ्यात बायकोने दारातून हाक मारली. "चहा घ्यायला आत ये जरा."

स्वयंपाकघरात चहा काही नव्हता. तिने दार अर्धवट लोटलं, ओढणीआडून एक छोटं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं. पारदर्शक पाकीट, आत मेमरीची कोरी करकरीत पट्टी.

"ही घाल गुपचूप," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मोठी आहे. दुकानदार म्हणाला हिच्याने आकडा वाढेलच. बाबांना काय कळतंय. आठ दिसलं की ते गप्प बसतील आणि आपण घरी जाऊ."

तो पाकिटाकडे बघत राहिला. "कधी आणलीस?"

"मागच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यात. म्हणजे मी येण्याआधीच. मी काही तपासायच्या आधीच."

"मिटवायचं होतं मला. रोज तेच ऐकते मी इथे. तुला काय, तू तिकडे निवांत."

"सरळ सांग. तुला वाटलं ना, की मी काढली?"

तिने ओटा पुसायला घेतला. आधीच चकचकीत असलेला ओटा. "आपला लॅपटॉप नेमका त्याच महिन्यात पळायला लागला," ती ओट्याशीच बोलली. "मी काही म्हटलं नाही. पण दिसतं ते दिसतं."

त्यांच्या घरच्या लॅपटॉपमधून त्याने कामाच्या निरुपयोगी फाइली काढून टाकल्या होत्या, म्हणून तो पळायला लागला होता. एका रविवारी, तिच्याच शेजारी बसून. ती तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. हे तिला सांगावं लागू नये, असं त्याला वाटलं. बापाने चोर म्हटलं तेव्हा नुसता संताप आला होता. आता तोही येईना. बापाशी भांडता तरी येतं.

तो पाकीट खिशात घालून बाहेर आला. बाहेर येऊन ती पट्टी घातली असती आणि आकडा वाढला असता, तर सगळं पाच मिनिटांत मिटलं असतं, आणि तो जन्मभर पकडला गेलेला चोर राहिला असता. नुसता चोरही नाही, मोठ्या मनाने माफ केलेला चोर. त्याने खुर्ची पुढे ओढली.

सुरुवातीलाच जो काळा पडदा येतो तो त्याने थांबवून धरला. तिथे एकूण मेमरी आठ लिहिलेली. म्हणजे यंत्राला आठही ओळखू येत होती. ती वापरायची नाही, असं आतल्या प्रणालीला कुणीतरी सांगितलेलं होतं. प्रणाली जुन्या पद्धतीची असली तर तीही चारच्या वर जात नाही, म्हणून तेही त्याने बघितलं. तसं नव्हतं. उरल्या होत्या फक्त यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगा, जिथे सहसा कुणी फिरकत नाही. त्याने ती खिडकी उघडली, आतल्या खिडकीत गेला, आणि तिथे सापडलं. 'कमाल मेमरी' असं लिहिलेल्या चौकटीत बरोबरची खूण होती, आणि पुढे आकडा भरलेला, चार हजार शहाण्णव एमबी. म्हणजे चार जीबी. यापुढे जायचं नाही, असा सरळ हुकूम.

"हे कुणी केलंय?" त्याने लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला.

सासऱ्यांनी भिंग उचललं, पडद्याला नाक लावलं. "हे होय," ते शांतपणे म्हणाले. "हे मी केलंय."

सासूबाईंनी पाय खाली घेतले.

"तुम्ही साफ करून आणलंत तरी तो कोमट लागतच होता," सासरे सांगायला लागले, नवशिक्याला समजवावं तसे. "मग मी एका व्हिडिओत ही जागा बघितली आणि भार कमी केला. मंजूर भार आठ असला तर माणसाने चारवर चालवावं. वायरिंग टिकतं. आणि उरलेली चार शिल्लक राहते, पहिली झिजली की वापरायला."

"मेमरी झिजत नाही हो बाबा."

"सगळं झिजतं."

"म्हणजे निम्मी तुम्हीच बंद केलीत, आणि निम्मीच चालते म्हणून मला चोर ठरवलंत?"

"बंद नाही केली, मर्यादा घातली. मर्यादा वेगळी आणि रीडिंग वेगळं. मंजूर भार कागदावर असतो, मीटरवर वापर दिसतो. मर्यादा घातली म्हणून रीडिंगच कमी लागेल, हे मला कसं कळावं?"

आणि त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेच जास्त संतापजनक होतं. खोटं बोलला असता तर निदान त्याला खोटारडा म्हणता आलं असतं. जावयाने खूण काढली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि सगळे त्या पडद्याकडे बघत बसले. या वेळी गिरणीवाल्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. पान उघडलं. आठ जीबी, जवळपास सगळी वापरात.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच राहिला. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "उगाच एवढं वाढवलंत."

"आता गप्प बसा तुम्ही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या घरात त्याच्या बाजूने निघालेलं तेवढंच एक वाक्य. माफीबिफी कुणी मागितली नाही. त्याला ती नकोही होती. तो मागचं झाकण लावून स्क्रू आवळत बसला.

बायको आतून बॅग घेऊनच आली. केस विंचरलेले, चेहरा उजळलेला. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे बघून हसली, आणि तिचं ते हसू त्याला फार आवडायचं, ते त्याला त्याही क्षणी आवडलं. "चल," ती म्हणाली. "मला माहीतच होतं तू असलं काही करणार नाहीस."

तो दारापर्यंत गेला. ती मागून आली. बूट घालता घालता त्याने खिशातलं पाकीट काढलं आणि आतल्या लोकांना दिसणार नाही अशा बेताने तिच्या हातात ठेवलं.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं. "हे आणलंस तेव्हापासून?"

"आता कशाला उकरून काढतोस? आठ दिसलं ना. संपलं."

"आठ दिसलं म्हणून तू येतेयस. चारच दिसत राहिलं असतं तर?"

तो थांबला. मनापासून थांबला. 'तरी आले असते' एवढे तीन शब्द त्याला पुरणार होते, अगदी तोंडदेखले असले तरी चालले असते. तिने बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"असं कसं विचारतोस तू," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "तू राहा इथेच."

"अरे पण आता सिद्ध झालं की सगळं."

"हो. झालं सिद्ध." त्याने लेस बांधली आणि उठला. "सिद्ध करायला लागलं."

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, हे पुन्हा तापायला लागलं तर काय करायचं?" त्याने उत्तर दिलं नाही. तो जिना उतरायला लागला. मागे वळून बघायचं नाही, हे त्याने ठरवलंच होतं, पण कान काही ऐकेनात. वरून पावलं वाजतील, बॅग कठड्याला घासेल, म्हणून ते प्रत्येक पायरीला मागेच लागलेले. तो तळाशी पोहोचला, फाटकाशी उगाच थोडा रेंगाळला. वर दार लागल्याचा आवाज आला, आणि मग तो निघाला.