काट्यावरची बाई

रावेर-सावदा रस्त्यावर शालिग्रामभाऊंचा भुईकाटा आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, बाजूच्या कॅबिनमध्ये पाटीवर वजनाचा आकडा येतो आणि छपरावरच्या भोंग्यातून बाई एकेक आकडा बोलते. शेवटी म्हणते, "किलो. गाडी उतरवा."

ती बाई म्हणजे भाऊंच्या घरच्या लताबाई. काटा बसवला तेव्हा आम्हां गाडीवाल्यांत बहुतेकांना आकडे वाचता येत नव्हते. मलाही येत नव्हते. म्हणून भाऊंनी बायकोचा आवाज भरून घेतला. पुढे मी त्याच काट्यावर कामाला लागलो. भोंग्यातला आकडा ऐकायचा आणि पाटीवरचा बघायचा, असं करत आकडे शिकलो, मग अक्षरं. आता सगळ्यांनाच वाचता येतं. पण बाई बोलल्याशिवाय गाडी उतरवायची नाही, ही रीत तशीच राहिली.

यंदा ऐन उन्हाळ्यात काट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. भाऊंची मुलगी नूतन धुळ्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने दुसरा आणून ठेवला. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. वजनाचा नवा प्रोग्रॅमही तिने बसवला. आकडा मोठा दिसायचा, पावती स्वच्छ निघायची. फक्त बोलायचं कोणी नाही.

पहिली गाडी सुकलालची आली. तो पारोळ्याकडचा, केळी भरून दिल्लीला नेतो. मी खिडकीतून पावती दिली. गाडी हलली नाही.

"उतर ना," मी म्हटलं.

"बाई आजून बोलनी नही."

"पावतीवर आहे सगळं."

"पावती तू दिधी. बाई कोठे बोलनी?"

मागच्यांनी हॉर्न आणि शिव्या दिल्या तेव्हा तो उतरला. मागच्याची पाळी आली, तर तोही बाईसाठी थांबला. दुपारपर्यंत निम्मे ट्रॅक्टर वळून पुढच्या काट्यावर गेले. तिथे कोणीच बोलत नाही. पण तिथे पूर्वीही कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही.

"असंच चाललं तर या काट्यावर कुत्रे झोपतीन," भाऊ म्हणाले, आणि आम्ही घरी गेलो.

लताबाई पापड लाटत होत्या. भाऊ म्हणाले, "पुन्हा एकदा सगळे आकडे बोल."

"तव्हा मले दात होते," लताबाई म्हणाल्या आणि लाटत राहिल्या.

मग नूतनने बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढली. बोलणारा जुना प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालत नाही, पण लिनक्समध्ये एक सोय असते, असं ती म्हणाली. प्रोग्रॅम जे मागेल ते त्याच्या सवयीच्या नावाने पुढे करायचं. त्याला वाटतं आपण जुन्याच घरी आहोत.

"म्हंजे म्हशीचं लुगडं," लताबाई म्हणाल्या.

विकत आणलेली म्हैस पान्हा सोडत नाही, तेव्हा जुन्या मालकिणीचं लुगडं नेसून धारेला बसतात. नूतनने थोडा विचार केला. "हो. तेच."

"मंग लाथ मारते का ते पाहून घे."

लाथ मारलीच. आधी प्रोग्रॅमला काट्याची वायर सापडेना. वायर नव्या जागी जोडली होती. नूतनने त्या जागेला जुनं नाव दिलं, तेव्हा वजन आलं आणि भोंगा बोलू लागला. पण मध्येच एक आकडा मुका गेला. जुन्या डिस्कवर सातचा आवाज खराब झाला होता. बाकीचे सगळे शाबूत होते.

"ज्याच्यात सात नाही त्याच गाड्या घेऊ," भाऊ म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

नूतनने आईपुढे मोबाईल धरला. "एकच शब्द, आई."

लताबाईंनी हात धुतले, कवळी बसवली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "सात."

सुकलाल पुढच्या खेपेला आला तेव्हा भाऊ हात मागे बांधून काट्याजवळच उभे होते. मागे ट्रॅक्टरवाले कान देऊन होते.

"एक," तरुण बाई म्हणाली.

"सात," म्हातारी म्हणाली.

"दोन," तरुण.

"सात," म्हातारी.

"शून्य. किलो. गाडी उतरवा."

गाडी हलली नाही. सुकलालने मान बाहेर काढली. "भाऊ, बठ्ठा जवान शेतस. सात एकलाच म्हातारा कसा व्हयी गया?"

भाऊंनी भोंग्याकडे पाहिलं. "सगळे एकदम कसे होतीन? एकेक होतीन."

सुकलालला ते पटलं. त्याने गिअर टाकला आणि उतरला. मागचा ट्रॅक्टर वर चढला.

धुळ्याला निघताना नूतन म्हणाली, "आई, बाकीचेही आकडे आताच भरून ठेवू का?"

"कायले?" लताबाई कवळी वाटीत ठेवत म्हणाल्या. "जो खराब होईन तो सांगजो. बोलून दीन."