आंब्याखाली कुत्रा

"आंब्याखाली कुणी नाही. माझा कुत्रा पुरलाय तेवढा," बेनविंदा मावशी म्हणाली. गुडघ्याखाली दाबलेल्या कुऱ्हाडीच्या पात्यावर बाबासू ताडाचं टणक फळ फोडायला ठेवून तिनं वरून दांडका हाणला.

वकीलबाई लुझिनेते हातात नकाशा धरून बसूनच राहिली. गुलामांच्या वंशजांच्या संघटनेतर्फे ती दोन वर्षं आमच्या वस्तीसाठी झगडत होती. सुटका झालेले आमचे पणजे जिथं राहिले, जिथं आमचे लोक पुरले, ती जमीन कायद्यानं आमची. पण पुरावा हवा. मावशीच्या सांगण्यावरून अहवालात नदीकाठच्या आंब्याखाली दफनभूमी दाखवली होती. खऱ्या कबरी टेकडीवर, आणि टेकडी नकाशाबाहेर. सोमवारी नकाशा पक्का झाला की टेकडी गुरांच्या मालकाच्या घशात जाणार होती.

"मावशी, खोटं का सांगितलंत?"

"वहीवाल्याला मी खरं सांगत नाही. मी सात वर्षांची असताना असाच एक आला, आम्हा पोरांना खाऊच्या गोळ्या वाटल्या. बापानं कबरी दाखवल्या. महिन्यात तिथं गोठा! हाडं टोपल्यांत भरून आम्ही टेकडीवर नेली."

मी तिची भाची, वस्तीची चिटणीस. मला सगळं ठाऊक होतं. तरी गप्प बसले, कारण या वकीलबाईवर माझाही विश्वास नव्हता.

"आता जबानी बदललीत तर मालकाचा वकील तुम्हाला खोटारडी म्हणेल," लुझिनेते म्हणाली.

"म्हणू दे. मला काय लग्न जमवायचंय?" मावशीनं तिला न्याहाळलं. "तुझी आजी कुठं पुरलीय गं?"

लुझिनेते म्हणाली, "शहरात. पेट्रोल पंपाखाली."

मावशीनं गुडघ्याखालची कुऱ्हाड काढली. "चल."

टेकडीवर ना दगड, ना क्रूस. मावशी एकेका जागी थांबून नाव सांगायची, लुझिनेते लिहून घ्यायची, खुंटी ठोकायची. मी मनात मोजत होते. अकरा झाल्या.

बारावी मावशीच्या आईची, मधल्या बाबासूच्या बुंध्याशी. तिच्या चारी बाजूंनी खुंट्या आल्या होत्या. नकाशात ती आपोआप आत येणार होती. वहीत मात्र नव्हती.

"झालं, मावशी?"

"झालं," मावशी म्हणाली आणि त्या बुंध्याला टेकून, चपला काढून उभी राहिली.

मीही चपला काढल्या.