समोर बसणाऱ्यांचा टीव्ही

मी एक जुना खोका आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माणूस नावाच्या प्राण्याविषयी मला फारसा आदर नाही. माझ्या पोटात पंचावन्न इंची टीव्ही होता. तो आता भिंतीवर आहे आणि सगळे त्याच्याकडे बघतात. मी मात्र ब्राह्मणपुरी गावात, धुडकू आप्पांच्या नव्या घरात, त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंच्या खाटेखाली आडवा पडून आहे. माझ्या पोटात सध्या दोन गोधड्या आणि डांबराच्या गोळ्या आहेत.

माझा जन्म रद्दीच्या लगद्यातून झाला. तुमच्या जुन्या वह्या, त्यातली चुकलेली गणितेसुद्धा, माझ्या अंगात मुरली आहेत. कारखान्यात माझ्या पुढच्या बाजूला मोठा रंगीत पोपट छापला आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत टीव्हीची सगळी माहिती. मला वाटले, आपण मोठे कामाचे झालो. लोक येतील, मला वाचतील, मग विचार करून टीव्ही घेतील. मी तेव्हा नवा होतो. नव्या खोक्याला अक्कल कमीच असते.

शहाद्याच्या एका दुकानात मी तीन महिने उभा होतो. त्या काळात माझी मागची बाजू किती जणांनी वाचली? एकानेही नाही. सगळे पोपट बघायचे. पुढच्या चकचकीत कागदावर 'दोनशे चाळीस' असा आकडा होता. पाठीवर मात्र साधे साठ हर्ट्झ लिहिले होते, म्हणजे सेकंदाला साठ चित्रे, आणि खरे तेच होते. 'फोर के' म्हणजे पडद्यावर ऐंशी लाखांहून जास्त ठिपके. ऐकायला भारी आहे. पण घरी डिशवर साधी वाहिनी लावली की त्यातून चार लाख ठिपकेच येतात. उरलेले टीव्ही अंदाजाने भरून काढतो, जसा परीक्षेत न वाचलेला मुलगा पान भरतो. हे गिऱ्हाइकाला कळत नव्हते आणि गोकुळ नावाच्या विक्रेत्याला सांगायचे नव्हते. दोघांचे छान जमायचे.

एके दिवशी धुडकू आप्पा मुलाला, धीरजला, घेऊन आले. केळी आणि ऊस करणारे मोठे शेतकरी, पांढरी टोपी, आवाज असा की दुकानातले पंखे हळू फिरावेत. त्यांच्या शेजारच्या चुनीलालने पन्नास इंची टीव्ही घेतला होता. झाले. आप्पांना टीव्ही नको होता, चुनीलालपेक्षा मोठा टीव्ही हवा होता.

"चुनीलालपेक्षा मोठा कोनता शे, तो दखाड," ते गोकुळला म्हणाले.

गोकुळने माझ्याकडे बोट केले. भिंतीवरच्या नमुन्यात पोपट उडत होते. दुकानात सगळे टीव्ही मुद्दाम डोळे दिपतील इतके उजळ ठेवतात. बाप-लेक हाताची घडी घालून अगदी बरोबर समोर उभे राहिले, पोपट बघितले, मान हलवली. एक पाऊल डावीकडे नाही की उजवीकडे नाही. पाच मिनिटांत माझा सौदा झाला. माणसे वांगी घेतानाही देठ बघतात हो!

घरी आल्यावर आप्पांनी टीव्हीची रुंदी टेपने मोजली. अठ्ठेचाळीस भरली. त्यांनी लगेच फोन लावला. "सात इंच कोनी खादा?" गोकुळने समजावले की टीव्ही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. आप्पांनी तिरका मोजला, पंचावन्न भरला, पण दोन दिवस त्यांचा चेहरा फसवलेल्या माणसासारखाच होता. माझ्या पाठीवर हे चित्र काढून दाखवलेले होते. असो.

आता या घराची मांडणी समजून घ्या, मित्रांनो, कारण सगळे तिथेच अडले. टीव्हीच्या समोर सोफा. त्यावर आप्पा, धीरज आणि येणारे-जाणारे पुरुष. टीव्हीच्या अगदी कडेला, स्वयंपाकघराच्या दारापाशी रुक्मिणीबाईंची नवारीची खाट. दिवाळीआधी त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आत सळई बसवली. तेव्हापासून त्या खाटेवरच. आणि त्या दारात, डोक्यावर पदर घेऊन, सून सीमा उभी. सासऱ्यांसमोर सोफ्यावर बसायची त्या घरात रीत नाही. टीव्ही येऊन चार महिने झाले होते आणि सीमाने तो समोरून एकदाही पाहिला नव्हता.

रुक्मिणीबाईंना कबड्डीचा भारी नाद. शाळेत असताना त्या स्वतः चढाई करायच्या आणि तंगडी धरली तरी रेषेला हात लावायच्या. त्यांचा आवडता संघ केशरी कपड्यांचा. समोर पिवळा संघ आला की त्या उशीवरून मान वर करून बघायच्या आणि गुण मिळाला की टाळ्या वाजवायच्या. पण टाळ्या चुकीच्या गुणाला पडू लागल्या. पिवळ्यांनी पकड केली की ह्या खूश!

"तुन्ही टीम हारी ऱ्हायनी, टाळ्या कसाले वाजाडस?" आप्पा म्हणायचे आणि सोफा हसायचा. पाहुणे तर तेवढ्यासाठीच येऊन बसायचे. हळूहळू रुक्मिणीबाईंनी टाळ्या वाजवणे सोडले. मग गुण विचारणेही सोडले. मला त्या सोफ्याचा मनापासून राग आहे.

धीरज त्यांना गाडीत घालून नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. घरी आल्यावर कोणी म्हणेल, मग अडचण दुसरीकडे कुठे तरी असेल. छे! आप्पा म्हणाले, "डोया चांगला शेतस, मंग डोकंच फिरनं. हिले आठे काय दिसस? मांगली खोलीमा खाट टाका." मागची खोली म्हणजे खताच्या गोण्या, फवारणीचा पंप आणि एक खिडकी, तीही गोठ्याकडे उघडणारी. रविवारी अंतिम सामना होता, चुनीलाल येणार होता आणि खाटेच्या जागी आप्पांना दिवाण हवा होता. शनिवारी सकाळी रुक्मिणीबाईंनी सीमाला खाटेखालून मला ओढायला सांगितले आणि आपल्या गोधड्या मोजून घेतल्या. त्या खोलीत गार असते म्हणे.

शनिवारी बाप-लेक दिवाण आणायला शहाद्याला गेले. दुपारी सीमाने भांडी आवरली. टीव्हीवर जुना सामना चालू होता. घरात पुरुष नव्हते. ती जरा वेळ दारात उभी राहिली आणि मग, पाय दुखत होते म्हणून असेल, सोफ्याच्या टोकावर टेकली.

ती ताडकन उठली. धावत खाटेकडे आली, रुक्मिणीबाईंच्या उशीला डोके लावून पडद्याकडे पाहिले. पुन्हा सोफ्यावर गेली. पुन्हा उशीपाशी. रुक्मिणीबाईंना वाटले, आता सुनेचेही फिरले.

"आत्याबाई, तुम्हना डोया चांगला शेतस," ती सासूला म्हणाली. "टीव्हीच लबाड शे. समोरथून केशरी न् पिवळा येगयेगळा दिसतस. आठून दोन्ही भाकरना पीठसारखा."

"तुले दारमाथून कसा दिसे?"

"असाच. माले वाटनं, टीव्ही असाच ऱ्हास."

"मंग सांगं कसाले नही?"

"माले कोन इचारस?"

मग सीमाने मला उजेडात नेले आणि माझी पाठ वाचू लागली. बोट लावून, ओळ न् ओळ. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला वाचणारी ती पहिली. ऊर भरून यावा असा क्षण, पण तिचे बोट 'पाहण्याचा कोन' या ओळीवर थांबले. एकशे अठ्ठ्याहत्तर अंश, असे लिहिलेले. म्हणजे जवळजवळ भिंतीला चिकटून पाहिले तरी दिसेल. दिसते खरेच, पण फिके. बाजूने काहीतरी दिसले की तो आकडा छापतात, रंग टिकतो की नाही हे तो सांगत नाही. ते पडदा कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरते आणि तो प्रकार माझ्यावर कुठेच छापलेला नव्हता. इतके दिवस मी सगळ्यांना मूर्ख म्हणत होतो. त्या दिवशी मला माझ्या पोपटाची लाज वाटली.

संध्याकाळी टेम्पोतून दिवाण आला. आप्पा आत येताच रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आधी आठे या. मन्हा जोडे बठा."

आप्पा चकित झाले, पण बसले. सामन्याचा कुठला तरी जुना भाग लागला होता.

"आते सांगा, पॉइंट कोनी लिदा? केशरी का पिवळा?"

आप्पांनी पाहिले. डोळे बारीक केले, चष्मा पुसला. "केशरी," ते ठामपणे म्हणाले.

"पिवळा शे, आप्पा," सोफ्यावरून धीरज म्हणाला. आणि मग त्याचे त्यालाच कळले. त्याचा चेहरा उतरला.

रुक्मिणीबाईंनी आवाज चढवला नाही. "मंग कोनी खाट मांगे टाकानी? मन्ही का तुम्हनी?"

मी पुन्हा खाटेखाली होतो. आप्पांचे पाय मला दिसत होते. ते उठले आणि मागच्या खोलीकडे वळले.

दिवाण मागच्या खोलीत गेला, खताच्या गोण्यांशेजारी. खाट टीव्हीच्या समोर आली आणि सोफा कडेला सरकला. रविवारी चुनीलाल आला, सोफ्यावर बसला आणि चढाईला चुकीच्या संघासाठी टाळी वाजवली. आप्पांनी त्याला काही सांगितले नाही. त्यांनाही कुठे कळत होते!

तर मित्रांनो, टीव्ही घ्यायला जाल तेव्हा पोपट बघू नका, खोक्याची पाठ वाचा. मग माझ्यासारख्या खोक्यावरही भरवसा ठेवू नका. दुकानात बाजूला जाऊन उभे राहा. घरात जे कडेला बसतात, दारात उभे राहतात, त्यांना आधी सोबत न्या आणि त्यांना विचारा. हे तुम्ही कराल असे मला वाटत नाही, पण सांगणे माझे काम.

त्या रविवारी सामना रंगात आला तेव्हा रुक्मिणीबाईंनी सगळ्या पुरुषांदेखत हाक मारली, "सीमा, दारमा काय उभी शे? आठे बठ, मन्हा पायजोडे." आप्पा छताकडे बघू लागले. सीमा आली आणि बसली. खाटेची नवार खाली येऊन माझ्या पोपटाला टेकली. मी काही तक्रार केली नाही.