मास्तरांच्या पोटाचं माप

"तिला काय विचारायचं? तोंड आहे की नाही, तेच अजून कळलेलं नाही!"

नणंद हे स्वयंपाकघरात आपल्या आईला हळूच सांगत होती. नवी सून नेमकी दाराबाहेर उभी होती आणि तिच्या हातात मी होते. आम्ही दोघींनीही ऐकलं.

मी शिंप्याची मोजपट्टी. साठ इंच लांब. एका टोकाला पितळी पत्रा, माझे आकडे तिथूनच सुरू होतात. कारखान्यातून सुटले ती थेट मास्तरांच्या गळ्यात पडले आणि तीस वर्षं तिथंच राहिले. माणसं माझ्यासमोर हमखास खोटी वागतात. मी कमरेभोवती फिरले रे फिरले की पोट आत! मास्तर म्हणायचे, "श्वास सोडा साहेब. मला फसवाल, पँटला कसं फसवाल?"

मग मास्तरांचंच यकृत निकामी होत गेलं. दारूला ते कधी शिवले नव्हते. जुन्या काविळीनं आतून पोखरलं होतं. पोटात पाणी साचू लागलं. दुकानाला कुलूप लागलं आणि मी घरी आले. डॉक्टरांनी रोज सकाळी बेंबीवरून घेर मोजायला सांगितलं होतं. लग्नाला दोन महिने झालेली सून मला पाठीमागून सरळ धरायची, मास्तर पुढं टोक जुळवून आकडा सांगायचे, तिचा नवरा तो वहीत लिहायचा. आकडा वाढला नाही की घर खूश.

ताप, पोटदुखी, बोलण्यात घोळ, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. त्याला वहीत रकाना नव्हता. सुनेनं तेवढं ऐकून ठेवलं होतं.

त्या सकाळी मी पोटाला टेकले तसे मास्तर कळवळले. कातडी कढत लागली. त्यांनी टोक जुळवलं आणि म्हणाले, "एकोणीस."

हशा पिकला. "बाबा, एका दिवसात नवरदेव झालात की!" नणंद म्हणाली. मुलानं मला फिरवून पितळी टोकाकडून पुन्हा मोजलं. "एक्केचाळीस. कालचंच." लिहूनही टाकलं.

सून हसली नाही. तीस वर्षांत मास्तरांनी मला उलट्या टोकानं धरलं नव्हतं. डोळे मिटूनही पितळ त्यांच्या बोटांना सापडायचं. तिनं हळूच विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"शर्ट तयार आहे," मास्तर म्हणाले. "उद्या घेऊन जा."

"झोप झाली नसेल," नवरा म्हणाला. "मंगळवारी डॉक्टरांची तारीख आहेच ना."

"मागच्या वेळी पाणी काढायला सुई खुपसली, तर चार दिवस उठले नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "आकडा वाढलेला नाही, मग कशाला हाल?"

"आणि वहिनीबाई डॉक्टर कधीपासून झाल्या?" नणंदेनं विचारलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला लावायची मला सवय नाही. मास्तर वाचले. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. डॉक्टरांनी सुईनं थोडं पाणी काढून तपासलं आणि शिरेतून औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी मास्तर पुरते भानावर आले, ते नर्सच्या बाहीची शिवण चुकलीय म्हणून वाद घालतच. यकृत मात्र तसंच आहे. मीही आता पिवळी पडलेय, मधले आकडे पुसट झालेत. रोज घेर सांगते. पण बाबांनो, घेरच सांगते हो! आत काय चाललंय ते मला कळत नाही. त्यासाठी माणसाकडं बघावं लागतं.

तर त्या सकाळी सून आत गेली. फाइल घेतली, औषधांची पिशवी घेतली, फोन केला. मला खुंटीवर टाकलं, चपला घातल्या. मग मास्तरांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती तिघांकडं वळली. आवाज चढवलाच नाही.

"गाडी बोलावलीय. अंगात ताप आहे, पोटाला हात लावू देत नाहीत, वारसुद्धा सांगता येत नाही. मंगळवार येईल तेव्हा येईल, आम्ही आत्ता निघतोय. कुणीतरी त्यांना दुसऱ्या बाजूनं धरा."